अनादीबाबूंच्या फोटोतलं अतिक्रमण

बंगालातल्या काँथी गावात अनादिनाथ शिकदारांचा पत्ता विचारला तर लोक उलट विचारतात, "कुठले? मोजणीवाले की फोटोवाले?" माणूस एकच आहे. छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी अमीन म्हणून लोकांची शेतं मोजली, भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या आणि कुणाची हद्द एक इंचही इकडची तिकडे न करता ते निवृत्त झाले. इथवर सगळं ठीक होतं. मग निरोपाच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींना काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्यांनी घड्याळ आणि छत्री देण्याऐवजी कॅमेरा दिला. साहेबांनी हार घातला, पेढ्याऐवजी छेन्याचे गोड संदेश वाटले गेले, आणि अनादीबाबू त्याच संध्याकाळी कलावंत झाले.

त्याला आता अकरा वर्षं झाली. वय एकाहत्तर. अंगात अठरा खिशांचं जाकीट, डोक्याला माकडटोपी, गळ्यात कॅमेरा आणि खिशात मोजणीच्या काळातली पाणसळ. समुद्राची रेघ फोटोत केसभर जरी तिरकी आली तरी त्यांना रात्रभर आंबट ढेकर येतात. ते फोटो काढतात ते फक्त सूर्योदयाचे, तेही बांकीपुटच्या किनाऱ्यावरून. माणूस चालत नाही. फोटोत माणूस आला की त्याला ते अतिक्रमण म्हणतात आणि हा शब्द ते चेष्टेने वापरत नाहीत.

नातीच्या उष्टावणाला सगळ्या घराने हात जोडून सांगितलं होतं, की बाबा, आज तरी माणसांचे काढा. अनादीबाबूंनी समईच्या ज्योतीचे एकशे चाळीस फोटो काढले. त्यातल्या एकात नातीचा कान आला होता, तोही धूसर. त्यांची बायको मिनती तो कान आजही पाहुण्यांना दाखवते आणि म्हणते, "ही आमची टुंपा."

या कलेचा सगळा भार वाहिला तो भवतारण जानाने. भवतारण म्हणजे गावातला होमिओपॅथीचा डॉक्टर आणि अनादीबाबूंचा पाचवीपासूनचा दोस्त. अंगाने भरलेला, बोलायला मोकळा. पेशंट आला की त्याला आंबट आवडतं का, विजेची भीती वाटते का, सासूशी पटतं का, एवढं विचारून साबुदाण्याएवढ्या चार गोळ्या द्यायच्या आणि वर एक विनोद सांगायचा. निम्मे लोक त्या विनोदानेच बरे होत. दर रविवारी पहाटे अनादीबाबूंना स्कूटरवर मागे बसवून बांकीपुटला तोच न्यायचा. कॅमेऱ्याची तिकाटणी तोच धरायचा, चहाचा थर्मास तोच सांभाळायचा. कलेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याचं लक्ष असायचं ते परतणाऱ्या होड्यांकडे, कारण जाळं उतरल्याबरोबर घेतलेला पापलेट आणि बाजारातला पापलेट यांना तो एका जातीचे मानत नसे. अकरा वर्षांत त्या किनाऱ्यावर अनादीबाबू त्याला सगळ्यात जास्त वेळा जे वाक्य बोलले असतील ते म्हणजे, "भवतारण, जरा बाजूला सरक." आणि तो सरकायचा.

यंदा मार्गशीर्षात गिरीन माइती वारले. तेराव्याला निम्मा गाव जेवायला. मांडवात पांढऱ्या चादरीने झाकलेली खुर्ची, खुर्चीवर तसबीर, तिला चंदनाचे ठिपके आणि निशिगंधाचा हार. भवतारणने चपला काढल्या, हात जोडले आणि अनादीबाबूंच्या कानाशी लागून विचारलं, "हा कोण?"

"गिरीन."

"कुठला गिरीन?"

"अरे, ज्याचं जेवायला आलायस तो."

मुलांनी ऐन वेळी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला होता. डोळे अर्धे मिटलेले, तोंड अर्धं उघडं. पोलीस चौकीच्या फळ्यावर लावतात त्यातला एखादा वाटावा. पंगतीत लुची-डाळ वाढणारेसुद्धा तिकडे बघून तोंड फिरवत होते. एकजण म्हणाला, "जिवंतपणी बरे दिसायचे हो." भवतारणने तिसरी लुची पानात तशीच टाकली. त्याला ओळखणाऱ्याला एवढ्यावरून कळलं असतं की काहीतरी बिनसलंय, पण अनादीबाबू तेव्हा मांडवाच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप बघत होते.

घरी परतताना रस्त्यात भवतारण थांबला. "अनादी, मला वेल्लोरला बोलावलंय."

आमच्याकडे वेल्लोर म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. बंगाली माणूस एकदा जगन्नाथाला जातो आणि एकदा वेल्लोरच्या मोठ्या इस्पितळाला. तरी अनादीबाबूंनी विचारलं, "काय झालं?"

"हृदयाची झडप. जिना चढलो की दम लागतो, तो उगाच नव्हता. बदलायला पाहिजे म्हणतात."

"आणि तुझ्या गोळ्या?"

"माझ्या गोळ्या लोकांसाठी आहेत," भवतारण म्हणाला. मग थोडा श्वास घेऊन पुढे बोलला, "हे बघ, परत आलो तर छानच. नाही आलो तर त्या खुर्चीवर बसायचंय मला. आमचा पोरगा तापस कसला हुशार, तुला ठाऊक आहे. लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून मला कापून काढेल, आणि माझ्या खांद्यावर साडूचा हात तसाच राहील. त्या साडूशी मी सतरा वर्षं बोलत नाही."

"असलं काही होणार नाही."

"झालं तर? तू माझा एक फोटो काढ. चेहऱ्याचा. बघणाऱ्याने हा कोण म्हणून विचारू नये, बस. बाकी काही मागत नाही तुझ्याकडे."

अनादीबाबूंचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला. ते म्हणाले, "काढतो. असा काढतो की नाव काढतील. पण घरात नाही. बांकीपुटला, रविवारी पहाटे."

"घरातही हाच चेहरा आहे रे."

"प्रकाश तो नाही ना."

पुढचा रविवार ठरला, कारण त्यानंतरच्या बुधवारची गाडी होती. साडेचारला अनादीबाबू दारात हजर. आज तापसची मोटार मागितली होती, कारण भवतारणला स्कूटर चालवायला मनाई झाली होती. भवतारण बाहेर आला तो टसर रेशमाचा झब्बा, चुण्यांचं धोतर, गुळगुळीत दाढी आणि गालाला पावडर अशा थाटात. त्याच्यावर स्वेटर, स्वेटरवर शाल आणि सगळ्यावर माकडटोपी, त्यामुळे थाटातलं दिसत होतं ते फक्त धोतर. बौदी, म्हणजे वहिनी, भवतारणची बायको, फाटकापर्यंत आली. तिने दिराला सांगावं तसं अनादीबाबूंना बजावलं, "ठाकुरपो, हसरा काढा हं. त्यांची सगळी डॉक्टरकी त्या हसण्यावर चाललीय. आणि येताना मासळीपाशी थांबू देऊ नका, उभं राहवत नाही त्यांना."

"बौदी, तुम्ही निर्धास्त राहा," अनादीबाबू म्हणाले.

बांकीपुटला पोचले तेव्हा ओहोटी होती. पाणी फार लांब गेलेलं, मधे नुसता ओला चिखल. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास नाकात भरला तसा भवतारणचा चेहरा खुलला. अनादीबाबूंनी तिकाटणी रोवली, पाणसळ लावली, आकाशाकडे पाहिलं आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. टोपी काढ. शाल काढ. स्वेटर काढ. थंडीने भवतारणचे दात वाजू लागले.

"आता हसू?"

"हसू नकोस. सूर्योदय गंभीर असतो."

"तुझी बौदी म्हणाली हसरा काढ."

"बौदीला काय कळतंय? थोडा मागे जा. अजून. अजून थोडा. आता सूर्याकडे तोंड कर."

बोंबील उलथत बसलेली सरला केव्हाची बघत होती. ती दोघांना अकरा वर्षं ओळखत होती आणि दोघांचीही भीड ठेवत नव्हती. ती ओरडली, "ओ फोटोबाबू! डॉक्टरबाबूंचं आज लग्न ठरलंय का?"

"गप बस, सरला. काम चाललंय."

"चालू द्या की. पण तोंड तिकडे आणि कॅमेरा इकडे, मग फोटो कशाचा, पाठीचा?"

"तुला नाही कळायचं."

"मला नाही कळत ते खरं. आमच्यात तोंडाचा फोटो पुढून काढतात." आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. भवतारणही हसला, आणि त्या क्षणी तो अगदी हवा तसा दिसत होता. अनादीबाबू तेव्हा भिंगावरचं दव पुसत होते.

मग सूर्य वर आला. आणि सांगितलंच पाहिजे, की तो तसा रोज येत नाही. ढगांचा एक पातळ थर, खालून पेटलेला. चिखलात साचलेल्या पाण्यात तोच रंग पसरलेला. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रकाश पुढ्यात आला आणि अनादीबाबू सगळं विसरले. वेल्लोर विसरले, बुधवार विसरले, समोर उभा आहे तो कोण हेही विसरले. त्यांना एवढंच दिसलं की या चित्रात एक उभी काळी रेघ हवी आणि ती तिथे उभी आहे.

"हलू नकोस!"

"अनादी, वळू का?"

"हलू नकोस म्हणतो ना! अजून दहा पावलं पुढे जा. पाण्याकडे."

भवतारण गेला. चपला हातात, धोतर पोटरीपर्यंत वर, पाय चिखलात. एवढं चाललं की त्याला दम लागतो हे कॅमेऱ्याच्या मागून कळत नाही. पाऊण तास अनादीबाबू खटाखट फोटो काढत होते. सूर्य वर चढून पांढरा झाला तेव्हाच त्यांनी डोळा बाजूला केला. भवतारण तोवर परतून एका होडीच्या काठावर बसला होता आणि छातीवर हात ठेवून हळूहळू श्वास घेत होता.

"झालं!" अनादीबाबू म्हणाले. "असा फोटो उभ्या काँथीत कुणी काढला नाही."

"चेहरा आला ना?"

"भाव आला."

"भाव असू दे, चेहरा आला का?"

"घरी जाऊन बघावं लागेल."

"मग एक साधा काढ की. हा बघ, इथेच बसलोय. सरलाच्या बोंबलांपुढे."

"आता? या उन्हात? डोळ्याखाली खड्डे दिसतील."

"खड्डे आहेतच माझ्या डोळ्याखाली."

पण अनादीबाबूंनी कॅमेऱ्याला झाकण लावलं होतं. एकदा झाकण लावलं की कडक उन्हात ते उघडत नाहीत, हा त्यांचा नेम. सरलाने भवतारणला पानात बांधून चार ओले बोंबील दिले आणि म्हणाली, "हे घ्या, डॉक्टरबाबू. फोटोबाबूंच्या नादाला लागलात, निदान रिकाम्या हाताने तरी जाऊ नका."

घरी फोटो बघताना अनादीबाबूंना आपण काय काढलंय ते कळलं. पेटलेलं आभाळ, चिखलातलं सोनं, आणि मधोमध एक काळी पाठमोरी आकृती. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. नुसता मनुष्य. त्यांनी तो त्याच दिवशी 'महाप्रस्थान' असं नाव देऊन कलकत्त्याच्या एका प्रदर्शनाला पाठवला. दुसरी प्रत हातभर मोठी करून तिला काळी चौकट घातली आणि मंगळवारी संध्याकाळी ती काखेत मारून ते भवतारणच्या घरी गेले. चेहरा आला नाही हे त्यांना दिसलं होतं. पण इतक्या मोठ्या कलाकृतीपुढे माणूस चेहऱ्यासारखी क्षुल्लक गोष्ट विचारणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

बौदी सामान बांधत होती. तिने चौकट दिव्याजवळ नेली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"हे कोण?"

"भवतारण."

"कुठे?"

"हा काय, मधोमध."

"ही तर सावली आहे. ठाकुरपो, माणूस अजून घरात बसलाय, आणि तुम्ही त्याचं भूत आणून दिलंत?"

"बौदी, यात माणसाचं एकाकीपण..."

"एकाकी कशाने? मी काय मेलेय?" बौदीचा आवाज चढला आणि फाटला. ती चौकट खाटेवर टाकून आत निघून गेली.

भवतारणने फोटो उचलून बराच वेळ पाहिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "धोतराच्या चुण्या चांगल्या आल्यात." मग गोळ्यांची पेटी बॅगेत ठेवून पट्टा आवळला. अनादीबाबू निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला. "अनादी, तापसला एवढं नक्की सांग. साडूचा हात तेवढा नीट कापायला लाव."

वेल्लोरला ऑपरेशनचा दिवस ठरला होता पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. त्याच शुक्रवारी सकाळी अकराला गावच्या छायाचित्र मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. 'महाप्रस्थान'ला सुवर्णपदक. मोबाइलवर हारतुऱ्यांचा पूर आला. अकरा वर्षांत पहिलं पदक! अनादीबाबू तसेच सँडल अडकवून रस्त्याला लागले आणि सवयीने भवतारणच्या दवाखान्यापाशी येऊन उभे राहिले. दाराला कुलूप होतं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की ही बातमी ज्याला सांगायची तो आत्ता टेबलावर आडवा आहे.

ते घरी परतले. मिनतीने विचारलं, "फोन आला का?"

"आला. सुवर्णपदक मिळालं."

"कुणाला?"

"मला."

"आणि भवतारणदांना?"

"त्याला आत नेलंय," अनादीबाबू म्हणाले आणि संगणकापुढे जाऊन बसले.

चेहरा शोधायला बसले ते. अकरा वर्षं, दर रविवार, हजारो फोटो. एखाद्यात तरी असेलच, असं धरून त्यांनी पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. एका फोटोत भवतारणचं कोपर सापडलं. एकात तिकाटणीच्या पायाशी त्याची चप्पल होती. एकात वाळूवर लांब सावली, हातात थर्मास. चेहरा नाही. काही फोटोंत वाळू एका ठिकाणी जरा जास्तच सपाट दिसत होती, आणि ती तशी का दिसते हे जगात एकट्या अनादीबाबूंना ठाऊक होतं. भाच्याने त्यांना संगणकावर नको ती वस्तू पुसून टाकायची युक्ती शिकवली होती. भवतारण मधे यायचा, चहाचा पेला धरून, हसत, काहीतरी सांगत. अनादीबाबू घरी येऊन त्याला निगुतीने पुसायचे आणि त्याच्या जागी वाळू भरायचे. मूळ फोटो ठेवलेच नव्हते; अतिक्रमण हटवल्यावर त्याचा कागद कोण जपून ठेवतो?

ज्याने आयुष्यात कुणाची हद्द इंचभर हलवली नाही, त्याने एकुलत्या एका दोस्ताला स्वतःच्या हाताने जागोजाग नाहीसं केलं होतं. अनादीबाबूंना रडू फुटलं. मिनती दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली. पदकाचं तिने शेजारी कुणालाही सांगितलं नाही.

पाच वाजता तापसचा फोन आला. झडप बसली. बाबा शुद्धीवर आहेत, नर्सला सासूशी पटतं का ते विचारतायत.

दीड महिन्याने भवतारण काँथीत परतला. अनादीबाबूंनी दोन दिवस जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी खजुराच्या गुळाचे संदेश घेऊन गेले. भवतारण आरामखुर्चीत बसला होता, निम्म्याने उतरलेला, पण तोच. 'महाप्रस्थान' दारामागे विजेच्या मीटरच्या पेटीवर टांगलं होतं. पेटी त्याने बरोबर झाकली जात होती. आणि समोरच्या भिंतीवर, जिथे येणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते तिथे, भवतारण हसत होता. पुरा चेहरा, डोळ्याखालच्या खड्ड्यांसकट. डोळे बारीक झालेले, पुढचा वाकडा दात दिसतोय, आत्ता पुढचा विनोद सांगेल असं वाटावं. बौदी म्हणाली, "आता मला काही काळजी नाही. चुकून वेळ आलीच तर खुर्चीवर हाच."

"हा कुणी काढला?" अनादीबाबूंनी विचारलं.

"इस्पितळातल्या नोंदणीच्या मुलीने," भवतारण म्हणाला. "टेबलावर तो बारकासा कॅमेरा असतो ना, तिथे. बंगाली पेशंट एवढे जातात की पोरगी मोडकंतोडकं बांगला बोलायला शिकलीय. मला म्हणाली, धंदा काय? मी म्हटलं, डॉक्टर. ती म्हणाली, मग इथे कशाला आलात? मला जे हसू आलं ते आलं, आणि तिने तेवढ्यात बटण दाबलं. लगेच रांगेकडे बघून म्हणाली, पुढचा."

अनादीबाबू भिंतीजवळ गेले. बोटभर फोटो मोठा केलेला, कडा फुटलेल्या. प्रकाश वरच्या नळीदिव्याचा, एकदम सपाट. मागच्या भिंतीवरची रेघ तिरकी, सरळ डोक्यातून गेलेली. त्यांचा हात पाणसळीच्या खिशाकडे गेला आणि तिथूनच परत आला.

"कसा आहे?" भवतारणने विचारलं. "कलावंताचं मत सांग."

"मला एक प्रत देशील?"

"कशाला?"

"माझ्याकडे तुझा एकही नाही."

"इतक्या हजारांत?"

"एकही नाही."

बौदी चहा ठेवायला उठली होती, ती तिथेच थांबली. भवतारणने मित्राकडे पाहिलं. मग झब्ब्याच्या खिशातून इस्पितळाचं कार्ड काढलं, त्यावरचा तोच बोटभर फोटो अंगठ्याने पुसला आणि त्यांच्या हातात दिलं.

"हे ठेव. पण सहा महिन्यांनी तपासणीला जायचंय, तेव्हा आणून दे. याच्याशिवाय ते लोक आत घेत नाहीत."

अनादीबाबूंनी जाकिटाचे अठराही खिसे चाचपले. एकाचाही भरवसा वाटला नाही, म्हणून कार्ड मुठीत धरूनच ते घरी गेले.